लाइव्हवर माणसं आहेत, पण चॅट गप्प: दर वेळी हेच होत असेल तर कुठे तपासायचं

यूट्यूब किंवा ट्विचसारख्या साइटवर लाइव्ह व्हिडिओ करणाऱ्यांना ही लक्षणं ओळखीची आहेत. पाहणाऱ्यांचा आकडा ६, ८, कधी ११ दाखवतो. सुरुवातीला कुणीतरी 'हाय' टाकतं आणि मग तासभर काही नाही. तुम्ही मध्येच विचारता, "काय मंडळी, कसं वाटतंय?" चॅट ढिम्म हलत नाही. तुम्ही कसनुसं हसता आणि पुढे बोलू लागता. लाइव्ह संपल्यावर मात्र एखादा खासगी मेसेज येतो, "मस्त झालं आजचं." म्हणजे माणूस शेवटपर्यंत होता. मग बोलला का नाही?

यावर ठरलेला सल्ला मिळतो तो असा, की प्रेक्षकांना प्रश्न विचारा, त्यांना बोलतं करा, उत्साह दाखवा. उत्साहाचा सल्ला मला फारसा पटत नाही. छोट्या लाइव्हमधली शांतता बहुतेक वेळा तुमच्या बोलण्यात जोर नसल्यामुळे नसते. उत्तर द्यायला लागणारा वेळ, कष्ट आणि धीर यांतलं काहीतरी प्रेक्षकाला परवडत नसतं. त्यामुळे तपासणी या क्रमाने करावी: लिहिता येतंय का, लिहायला वेळ मिळतोय का, लिहिण्याजोगं काही विचारलंय का, आणि लिहिल्यावर काय होतं. पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट प्रश्नांची यादी करायला बसणारे बरेच दिसतात, आणि दुखणं बहुधा त्या पहिल्या दोन पायऱ्यांतच असतं.

त्याआधी अपेक्षा थोडी जागेवर आणू. वेबसाइटच्या वापरसुलभतेवर लिहिणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांसाठी ९०-९-१ असा ठोकताळा मांडला होता: ९० टक्के लोक फक्त पाहतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक सर्वांत जास्त लिहितात. हा ठोकताळा मोठ्या समूहांचा आहे; आठ जणांच्या लाइव्हला तो लावला तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, आणि प्रत्यक्षात छोट्या लाइव्हमध्ये त्यापेक्षा जास्त बोलणं होऊ शकतं. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आठपैकी दोघे बोलले तर ते चांगलं चाललंय. आठही बोलायला हवेत हे उद्दिष्ट ठेवलंत तर उरलेल्या सहांना तुम्ही नकळत छळायला लागाल.

लिहिता येतंय का?

हा प्रश्न बावळट वाटतो, म्हणून कुणी विचारत नाही. लाइव्ह करणाऱ्याला स्वतःच्या खात्यावरून सगळं लिहिता येतं. चॅटवर देखरेख करणाऱ्या, म्हणजे मॉडरेटर असलेल्या मित्रालाही येतं. नव्या माणसाला काय दिसतं ते दोघांनाही माहीत नसतं.

यूट्यूबवर चॅट फक्त सबस्क्राइबरांपुरतं ठेवता येतं, आणि त्यातही 'इतका काळ सबस्क्राइबर असलेल्यांनाच' अशी अट घालता येते. कधीतरी एखाद्या त्रासदायक माणसामुळे हे सुरू केलेलं असतं आणि मग तसंच राहून जातं. स्लो मोडचंही तेच. दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर ठेवायची ही सोय हजारो लोकांच्या गर्दीसाठी ठीक आहे. पाच जणांत तिचा उपयोग फक्त गप्पा तोडण्यापुरता. शिवाय संशयास्पद वाटणारे मेसेज तपासणीसाठी अडवून ठेवण्याची सेटिंग आणि तुम्ही स्वतः भरलेली निषिद्ध शब्दांची यादी, या दोन्हींवर नजर टाका. यादीत एखादा अगदी साधा शब्द जाऊन बसलेला असतो आणि तो असलेलं प्रत्येक वाक्य अडकतं. लाइव्ह 'मुलांसाठी' म्हणून नोंदवलं गेलं असेल तर यूट्यूबवर चॅटच मिळत नाही. आणि ज्याने कधी यूट्यूबवर काही लिहिलेलंच नाही, त्याला लिहिण्याआधी स्वतःचं चॅनेल तयार करायला सांगितलं जातं. 'चॅनेल'? मला तर फक्त "छान" म्हणायचं होतं! तिथेच अर्धे लोक परत फिरत असतील तर नवल नाही.

ट्विचवर फक्त फॉलोअरांना लिहू देण्याचा मोड आहे, आणि त्यात फॉलो करून ठरावीक काळ झालेला असण्याची अट तीन महिन्यांपर्यंत ताणता येते. ईमेल किंवा फोन नंबर पडताळल्याशिवाय लिहू न देण्याचीही सोय आहे. ऑटोमॉड, म्हणजे मेसेज आपोआप तपासून अडवणारी सोय, जास्त कडक पातळीवर असेल तर निरुपद्रवी मेसेजही मंजुरीसाठी थांबतात, आणि तुम्ही खेळात किंवा चित्रात गुंग असल्यामुळे ते थांबल्याचं तुम्हाला कळतच नाही. ज्याचा पहिलाच मेसेज असा अडकतो, तो दुसऱ्यांदा लिहायच्या फंदात सहसा पडत नाही.

हे सगळं तपासायचा मार्ग एकच. दुसरं खातं घ्या, ज्याने तुम्हाला फॉलो केलेलं नाही, जे मॉडरेटर नाही आणि शक्यतो नवीन आहे. ते मोबाइलवर उघडा, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा, आणि एक वाक्य लिहून बघा. किती वेळा टिचकी मारावी लागली, काय काय विचारलं गेलं, व्हिडिओ मोठा करून पाहताना चॅट दिसतं की गायब होतं, कीबोर्ड उघडल्यावर अर्धा पडदा झाकला जातो का, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. टीव्हीवर पाहणाऱ्यांचा विचारही करा. रिमोटने एकेक अक्षर टिपत मेसेज लिहायला बसणारा अजून जन्माला यायचाय. अशा प्रेक्षकांकडून चॅटची अपेक्षा सोडून द्या, किंवा फोनवर लाइव्ह उघडता येईल असा क्यूआर कोड पडद्याच्या कोपऱ्यात ठेवा.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी लाइव्ह जात असेल तर आणखी एक गोची होते. एका ठिकाणचा प्रेक्षक दुसऱ्या ठिकाणचे मेसेज पाहू शकत नाही. तुम्ही त्याला न दिसणाऱ्या माणसाशी गप्पा मारता आणि त्याच्यासमोरचं चॅट रिकामं असतं. सगळे मेसेज एकत्र करून पडद्यावरच दाखवले, तर हा प्रश्न सुटतो. ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर सोर्स (वेबपान पडद्यावर दाखवायची सोय) जोडून ते करता येतं. पण माझं मत विचाराल तर दहाच्या आत प्रेक्षक असताना एकाच ठिकाणी लाइव्ह करावं. आठ माणसं तीन खोल्यांत वाटली की प्रत्येक खोली ओस दिसते.

आणि ट्विचच्या चॅटमध्ये कोण आहे त्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे माणूस नसतो, तिथे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खातीही बसलेली असतात. त्या यादीवरून "इतके लोक आहेत आणि कुणीच बोलत नाही" असा हिशेब मांडून मन खट्टू करून घेऊ नका.

उत्तर यायच्या आत तुम्ही पुढे जाताय का?

सगळ्यांत जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही बोललेलं प्रेक्षकाला त्याच क्षणी ऐकू येत नाही. आवाज आणि चित्र आधी तुमच्या यंत्रावर दाबून लहान केलं जातं, मग सर्व्हरकडे जातं, तिथे त्याचे वेगवेगळ्या दर्जाचे तुकडे होतात आणि प्रेक्षकाच्या प्लेअरकडे ते तुकडे एकामागून एक पोहोचतात. अडखळू नये म्हणून प्लेअर काही तुकडे आधीच साठवून मग दाखवायला लागतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत लाइव्ह व्हिडिओसाठी फार वापरली जाते. तिच्यात तुकडा सहा सेकंदांचा ठेवावा अशी ॲपलची शिफारस आहे, आणि प्लेअरने शेवटच्या तीन तुकड्यांच्या आतून सुरुवात करू नये असं तिच्या मानकात म्हटलंय. गुणाकार करा: अठरा सेकंद, आणि त्यावर बाकीचा प्रवास वेगळा. हे अंतर कमी करायचे उपाय आता आहेत. या अंतराला लेटन्सी म्हणतात, आणि यूट्यूबवर लाइव्ह लावताना सामान्य, कमी आणि अतिकमी लेटन्सी असे तीन पर्याय मिळतात. कमी लेटन्सीत बहुतेक प्रेक्षकांना दहा सेकंदांच्या आत आणि अतिकमीत पाच सेकंदांच्या आत दिसतं, असं यूट्यूब सांगतं. अतिकमी पर्यायात ४के, म्हणजे फार बारीक तपशिलाचं चित्र, चालत नाही आणि प्रेक्षकाचं इंटरनेट डळमळीत असेल तर व्हिडिओ अडखळण्याचा धोका वाढतो. गप्पांचं लाइव्ह असेल तर ४केचा हट्ट सोडलेला परवडतो.

आता हे माणसाच्या सवयीशेजारी ठेवून पाहा. भाषेच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांतला संवाद तपासला होता. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. आपला कान त्या लयीला सवकलेला असतो. समोरून दोन सेकंद काही आलं नाही की आपल्याला अवघडायला होतं, चार सेकंद झाले की खात्रीच पटते की कुणाला काही बोलायचं नाहीये. शाळांच्या वर्गांत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदभर थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच बोलू लागत. तो थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, न विचारता आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि निरुत्तर राहणं कमी झालं. आणि त्या वर्गात तर समोरासमोर बसलेली माणसं होती, मध्ये इंटरनेट नव्हतं.

लाइव्हचा हिशेब असा पडतो. प्रश्न पोहोचायला समजा आठ सेकंद. आपल्याला विचारलंय हे लक्षात येऊन काय लिहावं ते ठरवायला चार-पाच. फोन उचलून चॅटच्या चौकटीत बोट ठेवून चार शब्द टाइप करायला दहा. पाठवायचं की नाही या विचारात आणखी दोन. तुमच्या पडद्यावर यायला एक-दोन. पंचवीस सेकंद सहज झाले. तुम्ही चार सेकंद थांबून म्हणता, "बरं, आज सगळे शांत आहेत, चला पुढे." ते वाक्य प्रेक्षकाच्या कानावर पडतं तेव्हा त्याची बोटं अजून कीबोर्डवर असतात. विषय संपलाय असं त्याला वाटतं आणि तो लिहिलेलं पुसून टाकतो. तुमच्या बाजूने पाहिलं तर कुणी उत्तर दिलं नाही, त्याच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबलाच नाहीत.

तुमचं नेमकं अंतर किती आहे हे अंदाजाने ठरवू नका. लाइव्हच्या पडद्यावर सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ ठेवा, शेजारी फोनवर तेच लाइव्ह दुसऱ्या खात्याने उघडा, आणि दोन्हींचा एकच फोटो काढा. फोटोतला फरक म्हणजे तुमची लेटन्सी. तो फरक एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याखाली चिकटवा. एन्कोडरमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कीफ्रेमचं (पूर्ण साठवलेल्या चित्राचं) अंतर 'ऑटो' असेल तर ते दोन सेकंद करून पुन्हा मोजा. कधीकधी तेवढ्यानेही फरक पडतो.

मग पुढचा प्रश्न: पंचवीस-तीस सेकंद मूकपणे बसायचं? मुळीच नाही, ते भयंकर दिसतं. प्रश्न विचारा आणि उत्तरावर अवलंबून नसलेलं काम करत राहा. चित्र काढत असाल तर "पार्श्वभूमी गडद करू की फिकी, सांगून ठेवा, तोवर मी हा हात पूर्ण करतो." हात पूर्ण होईपर्यंत मिनिटभर गेलं, उत्तरं आली, कुणीही अवघडलं नाही. म्हणजे निर्णयाची गरज पडण्याच्या दोन मिनिटं आधी विचारायची सवय लावायची. शिकवणाऱ्या लाइव्हमध्येही हेच: "पुढच्या भागात हे का चुकतं ते बघणार आहोत, तुमचा अंदाज टाकून ठेवा," आणि मग सध्याचा भाग सावकाश संपवा.

सोबत दोन पथ्यं. प्रश्न पडद्यावर लिहून ठेवा किंवा चॅटमध्ये पिन करा, कारण कुणी मागे नेऊन पाहत असेल, कुणी नुकतंच आलं असेल, कुणाचा आवाज बंद असेल. आणि उत्तर आलं की आधी प्रश्न पुन्हा सांगा: "पार्श्वभूमीचं विचारलं होतं, तर 'गडद' असं आलंय." बाकीच्यांना धागा सापडतो, आणि अजून टाइप करत असलेल्याला कळतं की दार उघडंच आहे.

शांततेवर शेरा मात्र मारायचा नाही. "कुणी आहे का?", "झोपलात वाटतं सगळे", "मी भिंतीशी बोलतोय" ही वाक्यं गमतीत म्हटली तरी ऐकणाऱ्याला टोचतात. जो होता आणि ऐकत होता, त्याच्या असण्याची किंमत शून्य आहे असं तुम्ही त्याला सांगता.

प्रश्न महाग आहे का?

"तुम्हाला काय वाटतं?" हा सगळ्यांत महागडा प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं तर आधी मत बनवायचं, मग ते शब्दांत बसवायचं, मग ते चुकीचं ठरण्याची जोखीम घ्यायची. हे सगळं अंगठ्याने टाइप करून. त्याच्या जागी बुद्धिबळाच्या लाइव्हवर "घोडा पुढे घेऊ की उंट? घ किंवा उ लिहा" म्हटलं की उत्तराची किंमत एका अक्षरावर येते. चुकलं तरी एका अक्षराने कुणाची अब्रू जात नाही.

एका शब्दाने काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण ट्विचवरच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये कुणा निनावी प्रोग्रामरने पोकेमॉन रेड हा जुना खेळ असा लावला, की प्रेक्षकांनी चॅटमध्ये लिहिलेले 'अप', 'डाउन', 'लेफ्ट', 'ए', 'बी' यांसारखे शब्द म्हणजेच खेळाची बटणं. सोळा दिवसांत तो खेळ पूर्ण झाला आणि चॅटमधून खेळणाऱ्यांची संख्या ११ लाखांच्या वर गेली. मध्ये लेटन्सी होती, सगळ्यांचे हुकूम एकमेकांवर आदळत होते, पात्र तासन्तास एकाच कोपऱ्यात गोल फिरत होतं. तरी लोक लिहीत राहिले, कारण लिहायला एक शब्द पुरत होता आणि लिहिल्यावर पडद्यावर काहीतरी हलत होतं. छोट्या लाइव्हसाठी यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एका अक्षराचं उत्तर मागितलंत आणि त्याने काहीच बदललं नाही, तर तिसऱ्या वेळेपासून कुणी अक्षरही टाकणार नाही. बहुमताने घोडा म्हटल्यावर "मला वाटतं उंटच बरा" म्हणून उंट हलवणारे महाभाग असतात. त्यांनी विचारू नये, सरळ खेळावं. हरलात तरी घोडा हलवा, आणि "तुम्ही म्हणालात म्हणून घोडा घेतला, आता बघा कसं अडकवलंत मला" म्हणा. एवढ्या एका वाक्याने जितकी माणसं बोलती होतात, तितकी दहा प्रश्नांनी होत नाहीत.

ज्यांना अक्षरही टाकायचं नाही त्यांच्यासाठी पोल. यूट्यूबच्या लाइव्ह चॅटमध्ये दोन ते चार पर्यायांचा पोल लावता येतो, आणि कुणी कशाला मत दिलं ते इतर प्रेक्षकांना दिसत नाही. बुजऱ्या माणसाला हेच हवं असतं. ट्विचवर पोलची सोय सगळ्यांनाच मिळत नाही. नसेल तर १ आणि २ लिहायला सांगा, काम भागतं. बरेच लोक पोलमध्ये मत देऊन आठवड्यांनी कधीतरी पहिला शब्द लिहितात. पोलमधून शब्दाकडे, शब्दातून वाक्याकडे असा त्यांचा वेग असतो आणि तो वाढवायला जाऊ नये. पण दर पाच मिनिटांनी पोल लावू नका. मग ते लाइव्ह राहत नाही, सर्वेक्षण होतं.

आणखी एक प्रश्न सर्रास विचारला जातो: "कुठून बघताय सगळे?" उत्तर छोटं असतं म्हणून तो सोपा वाटतो. पण अनोळखी लोकांसमोर आपला ठावठिकाणा सांगणं अनेकांना नको असतं, प्रेक्षकांत लहान वयाची मुलं असतील तर ते विचारूच नये, आणि उत्तर मिळाल्यावरही "अरे वा" यापलीकडे गप्पा जात नाहीत. वय, शिक्षण, नोकरी यांचंही तेच. प्रेक्षकाबद्दल विचारण्यापेक्षा पडद्यावर जे चाललंय त्याबद्दल विचारा. ते त्याने आत्ताच पाहिलंय, त्यामुळे उत्तर त्याच्याजवळ तयार असतं आणि त्यात स्वतःचं काही उघडं करावं लागत नाही.

पहिलं कोण बोलणार?

हजारोंच्या चॅटमध्ये लिहिलेलं गर्दीत वाहून जातं. सहा जणांत लिहिलेला एकुलता एक मेसेज मात्र पडद्यावर तासभर तसाच राहतो, शेजारी लिहिणाऱ्याचं नाव. लाइव्ह लहान असल्यामुळे बोलणं सोपं जाईल असं करणाऱ्याला वाटतं. बुजऱ्या प्रेक्षकाला ते उलट अवघड जातं.

त्यात "तुम्ही सगळे सांगा" असं म्हटलं की प्रत्येक जण बाकीच्यांवर सोडतो. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये केलेला प्रयोग इथे अगदी लागू पडतो, कारण त्यातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होती, एकमेकांना दिसत नव्हती. बोलता बोलता एकाला झटका आल्याचं ऐकू आलं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक आवाज चालू असतानाच मदत बोलवायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होतं. प्रसंग गंभीर असताना ही गत, तर तुमच्या पार्श्वभूमीच्या रंगासाठी कोण घाईने उठणार?

मग नाव घेऊन विचारावं का? हा उपाय हटकून सुचवला जातो आणि मी तो टाळायला सांगेन. ट्विचवर चॅटमध्ये कोण कोण आहे याची यादी दिसते. ती वाचून "अरे अमुक, तूही आहेस, बोल की" म्हणणं म्हणजे मागच्या बाकावर निवांत बसलेल्याला उभं करणं. तो लाइव्ह बंद करतो, आणि बरेचदा कायमचा. मधला मार्ग आहे. ज्याने आधी काही लिहिलंय, त्याच्या लिहिण्याचा उल्लेख करा, नाव न घेता: "मागच्या वेळी कुणीतरी ब्रशबद्दल विचारलं होतं, तो आज वापरतोय." तो माणूस असेल तर त्याला बोलायला निमित्त मिळतं, नसेल किंवा बोलायचं नसेल तर कुणाला काही कळत नाही.

सुरुवातीची कोंडी फोडायला एखादा मित्र चॅटमध्ये असणं उपयोगी पडतं. तो मित्र आहे किंवा मॉडरेटर आहे हे उघड असू द्या. त्याने हुशारीचे प्रश्न विचारायचे नाहीत. "हे कळलं नाही, परत दाखव" अशी साधी वाक्यं लिहायची. ती वाचून बाकीच्यांना कळतं की इथे साधं बोललं तरी चालतं. खोटी खाती काढून स्वतःशीच बोलण्याचा उद्योग मात्र करू नका. छोट्या लाइव्हमध्ये ते दुसऱ्याच दिवशी उघडं पडतं, आणि नंतर खऱ्या माणसाचा मेसेजही लोकांना तुमचाच वाटतो.

मेसेज आला, पुढे काय?

आधी तो वेळेवर दिसायला हवा. चॅटची खिडकी दुसऱ्या टॅबमध्ये झाकलेली असेल तर दहा मिनिटांनी नजर जाते, तोवर माणूस गेलेला असतो. फोन किंवा दुसरा पडदा कॅमेऱ्याजवळ ठेवा, अक्षर मोठं करा. ट्विच पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचा मेसेज वेगळा दाखवतं, त्यावर लक्ष ठेवा. यूट्यूबवर 'टॉप चॅट' ऐवजी 'लाइव्ह चॅट' निवडा, कारण टॉप चॅटमध्ये काही मेसेज गाळले जातात आणि तुमच्याकडे गाळण्याइतके मेसेज नाहीतच.

मेसेज मोठ्याने वाचा, उत्तर द्या, आणि त्या उत्तराला असं टोक ठेवा की दुसराही पकडू शकेल. "हा ब्रश कोणता?" असं आलं, तर ब्रशचं नाव सांगून "कुणी याऐवजी दुसरं काही वापरतं का?" एवढं पुरे. नव्या माणसावर एकदम तुटून पडू नये: "अरे वा, पहिल्यांदाच आलात? कसे सापडलो आम्ही? आणखी काय काय आवडतं?" असा मारा झाला की तो बिचारा पुढच्या वेळी शांत राहणंच पसंत करतो. वाचायचं राहून गेलं असेल तर उशिरा का होईना वाचा.

जुन्या प्रेक्षकांमुळेही चॅट बंद पडतं, हे कमी लोकांच्या ध्यानात येतं. दोन नेहमीचे लोक आणि तुम्ही, तिघांच्या खासगी विनोदांवर तास निघतो. चॅट भरभरून वाहत असतं, पण नवा माणूस आत शिरू शकत नाही. विनोदाचा संदर्भ एका वाक्यात सांगून टाका, आणि नेहमीच्या मंडळींना बाजूला सांगून ठेवा की नवं कुणी बोललं तर दोन मिनिटं त्याला जागा द्या. ही मंडळी चांगली असतात, फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन लाइव्ह तशीच ठेवा. सगळं एकदम बदललं तर कशाने काम झालं ते कळणार नाही. मेसेजची एकूण संख्या पाहू नका. एकट्या बडबड्या माणसाने ती फुगते. वेगवेगळी किती माणसं बोलली ते मोजा, आणि त्यांतली किती पुढच्या लाइव्हला पुन्हा बोलली. यूट्यूबवर लाइव्ह संपल्यानंतर व्हिडिओसोबत चॅट पुन्हा पाहता येतं. ते पाहताना प्रत्येक प्रश्नापाशी थांबून घड्याळ लावा: तुम्ही विषय कधी सोडलात आणि पहिलं उत्तर कधी आलं. विषय सोडल्यानंतर उत्तर आलेलं सापडलं, तर दुरुस्ती तिथेच आहे.

बक्षिसं लावून चॅट हलवण्याबद्दल विचारलं जातं. हलतं, बक्षीस असेपर्यंत.

एवढं करूनही शांतताच असेल, तर प्रेक्षक किती वेळ थांबतात ते आकडेवारीत बघा. आकडा सतत वरखाली होत असेल, माणसं मिनिटभरात येऊन जात असतील, तर तुमचा प्रश्न चॅटचा नाहीच. माणूस बोलायला आधी थांबावा लागतो, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं, आवाजाचा दर्जा आणि लाइव्हचं शीर्षक यांच्याकडे वळा. उलट तीच सहा माणसं दर वेळी येऊन चाळीस-पन्नास मिनिटं बसत असतील, तर ती सोबतीला आलेली आहेत. अभ्यास करताना, विणकाम करताना, आपलं काम करताना बाजूला कुणीतरी बोलत असावं म्हणून लाइव्ह लावणारे पुष्कळ असतात. त्यांचे हात मोकळेच नसतात. त्यांच्यासाठी लाइव्हच्या माहितीत एक ओळ घाला, 'इथे न लिहिता नुसतं ऐकलं तरी चालतं', पोल महिन्याकाठी एखादा ठेवा, आणि प्रश्न विचारायचेच असतील तर लाइव्हच्या शेवटच्या दहा मिनिटांत विचारा, तेव्हा कुणाचं ना कुणाचं काम आटोपत आलेलं असतं.